औरलान : पाणी, बोगदे आणि अठराशे माणसांचा कारभार

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या स्कँडिनेव्हियाच्या सहलींत एक दिवस बहुधा ठरलेला असतो. म्यूरदाल स्थानकावर मोठी गाडी सोडायची, फ्लोमच्या डोंगरी रेल्वेने थेट समुद्रसपाटीला उतरायचे, बोटीने नॅरॉयफियॉर्डमधून गुदवांगेन गाठायचे आणि बसने पुढच्या मुक्कामाला लागायचे. गुदवांगेनपर्यंतचा हा सगळा प्रवास एकाच कोम्यूनच्या हद्दीत होतो. कोम्यून म्हणजे नॉर्वेतल्या स्थानिक स्वराज्याचा पायाभूत घटक, आणि या कोम्यूनचे नाव औरलान. लोकवस्ती सुमारे १,८००. दरवर्षी लाखो पाहुणे जिथून जातात, तिथे बारा महिने राहणारी माणसे एवढीच. शाळा, दवाखाना, अग्निशमन, पाणीपुरवठा, वृद्धांची देखभाल हे सारे त्यांनीच चालवायचे.

डोंगर आणि पाणी यांनी तुकडे तुकडे केलेल्या मुलुखातली एवढीशी वस्ती टिकते कशी, तिने टिकावे का, आणि टिकवायची तर खर्च कुणी उचलायचा, हा नॉर्वेच्या राजकारणातला जुना वाद आहे. तो समजून घ्यायला औरलानइतके चांगले ठिकाण क्वचित सापडेल. वीज, रेल्वे, महामार्ग, पर्यटन, जागतिक वारसा, शेळीपालन आणि दरडींचे भय हे सगळे इथे दोन-चार खोऱ्यांत एकवटले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. औरलान त्याच्या सौंदर्यामुळे टिकलेले नाही. त्याच्या पाण्यातून निघणाऱ्या उत्पन्नाचा वाटा कायद्याने गावात राहिला, म्हणून ते टिकले. सौंदर्याने पाहुणे आणले; पण गाव चालवण्याचा भार पाहुण्यांच्या व्यवसायाने अजून पुरेसा उचललेला नाही.

आधी भूगोल. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सोग्नेफियॉर्ड हा खाऱ्या पाण्याचा फाटा दोनशे किलोमीटरहून जास्त आत शिरतो. सर्वांत खोल ठिकाणी त्याची खोली १,३०० मीटर भरते. त्याच्या आतल्या टोकाकडे दक्षिणेला औरलान्सफियॉर्ड फुटतो आणि त्यातून नॅरॉयफियॉर्ड. हिमयुगात हिमनद्यांनी कातळ खरवडून काढला आणि मागाहून त्या घळींत समुद्र शिरला. नॅरॉयफियॉर्ड सर्वांत अरुंद जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे हजार मीटरच्या वर जातात. कोम्यूनचे क्षेत्रफळ जवळपास दीड हजार चौरस किलोमीटर असले, तरी बहुतेक भाग झाडोरा संपतो त्याच्याही वरचा आहे. नांगर लागेल अशी जमीन नद्यांच्या मुखापाशी, गाळाच्या छोट्या पट्ट्यांवर तेवढी आहे. त्या पट्ट्यांवरच गावे बसली : औरलान्सवांगेन हे कारभाराचे ठिकाण, मग फ्लोम, गुदवांगेन, उन्द्रेदाल, वासबिग्दी. थंडीत सूर्य डोंगराआड राहतो आणि कित्येक घरांना आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. किनाऱ्यावर बर्गनला धो धो कोसळणारा पाऊस मात्र इथवर येईतो बराचसा ओसरतो. म्हणून या आतल्या खोऱ्यांत फळझाडे आणि कुरणे चांगली येतात.

इथल्या गावांना एकमेकांशी जोडणारी वाट शतकानुशतके पाण्याचीच होती. डोंगर अडवत आणि फियॉर्ड वाहून नेई. औरलान्सवांगेनचे दगडी चर्च १२०२ सालचे आहे. आरंभीच्या गॉथिक बांधणीचे एवढे भक्कम चर्च एका आडगावी उभे राहिले, याचा अर्थ त्या काळी या पाण्यावरून ये-जा आणि व्यापार पुष्कळ होता. उन्द्रेदालचे लाकडी चर्च त्याहून जुने, बाराव्या शतकातले. आत चाळीसेक माणसे बसतात आणि आजही तिथे प्रार्थना होते.

१६४७ मध्ये नॉर्वेत सरकारी टपाल सुरू झाले. राजधानी आणि बर्गन यांच्यामधली टपालवाट डोंगर उतरून लॅरदालला येई, तिथून होडीने नॅरॉयफियॉर्डमार्गे गुदवांगेनला जाई. वाटेवरच्या शेतकऱ्यांवर टपाल पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी असे आणि बदल्यात त्यांना सैन्यभरतीतून सूट मिळे. हिवाळ्यात फियॉर्ड गोठला की होडी चालत नसे. तेव्हासाठी कड्याच्या पायथ्याने स्टीवी ते ब्लाइक्स अशी पायवाट बांधलेली होती. ती अजून शाबूत आहे. तिच्यावरून चाललेल्या माणसाला कळते, की ‘दुर्गम’ हे विशेषण या भागाला अलीकडे चिकटले आहे. तीनशे वर्षांपूर्वी देशाची पत्रे इथूनच जात होती.

शेतीची जुनी मांडणी पाहायची तर फ्लोम आणि औरलान्सवांगेन यांच्यामधल्या उंचवट्यावरचे ओटरनेस पाहावे. तिथे २७ लाकडी इमारती एकमेकींना खेटून आहेत : राहती घरे, गोठे, धान्याची कोठारे, गवताच्या वखारी. अनेक कुटुंबांची शेते एकमेकांत मिसळलेली आणि घरे एका पुंजक्यात, अशी पश्चिम नॉर्वेची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकात वाटण्या करून जमिनी सलग करण्याचे कायदे आले आणि असे पुंजके बहुतेक ठिकाणी मोडले. ओटरनेस राहिले. कड्यावरच्या स्टीगेनसारख्या शेतांबद्दल एक आख्यायिका सांगतात, की करवसुलीवाला दिसला की शेतकरी शिडी वर ओढून घेत. ती खरी की खोटी, माहीत नाही. पण तिथे जायला एका टप्प्यावर शिडीच लागे, हे खरे. अशा जागी पोरेबाळे, गुरे, गवताचे भारे सांभाळून पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. आणि जमीन पुरेनाशी झाली तेव्हा निघून गेल्या. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. लोकसंख्येच्या मानाने आयर्लंड सोडले तर युरोपात एवढे स्थलांतर कुठून झाले नाही, आणि सोग्नेफियॉर्डकाठच्या सोग्न प्रदेशाचा आतला भाग त्यात आघाडीवर होता.

जाणारे सगळेच कायमचे गेले नाहीत. नील्स ग्रेगोरियुसोन त्वेरांगेर हा औरलानचा मुलगा कोवळ्या वयात अमेरिकेला गेला, तिथे चांभारकी शिकला आणि परत येऊन गावात जोडे शिवू लागला. १९३०च्या दशकात त्याने घडवलेला बिनबंदाचा चामडी जोडा पुढे ‘औरलान जोडा’ म्हणून ओळखला गेला. इंग्लंड-अमेरिकेतले लोक मासेमारीला आणि फिरायला येत, ते हे जोडे घेऊन जात. त्यातूनच अमेरिकेत १९३६ मध्ये ‘वीजन्स’ नावाचा जोडा निघाला. जगभर कार्यालयांत घालतात त्या लोफरच्या कुळीत या खोऱ्याचा मोठा हात आहे. गावात एके काळी जोड्यांचे अनेक कारखाने होते. आज एक उरला आहे आणि तो अजून हाताने जोडे करतो.

आता कारभाराकडे वळू. १४ जानेवारी १८३७ ला नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचे कायदे झाले आणि पुढच्याच वर्षी औरलान कोम्यून अस्तित्वात आली. या व्यवस्थेचे एक तत्त्व इथे समजून घेतलेच पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. नॉर्वेत कोम्यून लहान असो की मोठी, कर्तव्ये सर्वांना सारखी. सात लाख वस्तीच्या ऑस्लोने जे द्यायचे तेच, दोनशे वस्तीच्या उत्सीरा बेटानेही द्यायचे : वर्षाच्या मुलासाठी पाळणाघर, दहावीपर्यंत शाळा, डॉक्टर, घरपोच शुश्रूषा, जमीनवापराचा आराखडा, आग विझवणारे पथक. पैसा मुख्यतः प्राप्तिकराच्या हिश्शातून आणि राज्याच्या समानीकरण निधीतून येतो. लहान घटकांना हे झेपत नाही, असे म्हणत सरकारने विलीनीकरणाची मोठी मोहीम काढली. १ जानेवारी २०२० ला ४२२ कोम्यूनच्या ३५६ झाल्या, आणि एक जबरदस्तीचे लग्न मोडल्यावर २०२४ पासून ३५७ आहेत. सोग्न ओग फ्योर्डाने हा जिल्हाही त्याच दिवशी शेजारच्या होर्डालानमध्ये मिसळून वेस्टलान जिल्हा झाला. औरलान मात्र स्वतंत्र राहिली. ती राहू शकली, कारण तिच्याकडे पाणी होते.

ऑस्लो शहराच्या वीजमंडळाला वाढत्या शहरासाठी वीज हवी होती. औरलानच्या पठारावर तळी, खाली समुद्रसपाटीलगतचे खोरे आणि मधे आठशे मीटरहून मोठा उतार. जलविद्युतीसाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. १९६९ मध्ये परवानगी मिळाली. डोंगराच्या पोटात यंत्रघर कोरून १९७३ मध्ये ‘औरलान एक’ सुरू झाले आणि त्याच्या आगेमागे त्याच पाण्यावर आणखी केंद्रे उभी राहिली. देशातल्या मोठ्या वीजप्रकल्पांत त्याची गणना होते.

हे वाद न होता झाले नाही. पठारावरून वासबिग्दीपर्यंत उतरणारे औरलान खोरे नॉर्वेतल्या पदभ्रमंती करणाऱ्यांचे अत्यंत लाडके. कड्यांच्या कडेने, ओस पडलेल्या शेतांवरून जाणारी ही वाट. तिथले पाणी वळवायला देशभरातून विरोध झाला. मार्देला धबधब्यापाशी आंदोलकांनी १९७० मध्ये स्वतःला साखळदंडाने बांधून घेतले, पुढे आल्ता नदीवर मोठा संघर्ष पेटला. औरलानचा वाद त्या सगळ्याच्या अगोदरचा. विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. समुद्रातून चढणाऱ्या ट्राउट माशांसाठी औरलानची नदी एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली होती, इंग्रज सरदार गळ टाकायला उन्हाळाभर मुक्काम ठोकत. धरणांनंतर ती मासळी पूर्वीसारखी राहिली नाही. नदीत ठरावीक पाणी सोडण्याचे बंधन घातले गेले, तरी पठाराचे बर्फ वितळून येणारा पूर आणि मोजून सोडलेले पाणी यांत माशाला फरक कळतो. हे नुकसान कायमचे आहे आणि वीजप्रकल्पाची कुठलीही बाजू मांडताना ते आधी कबूल करायला हवे.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू भरीव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवल धबधबे विकत घेऊ लागले, तेव्हा नॉर्वेच्या संसदेने कायदे करून ते रोखले. १९१७च्या कायद्यांनी ठरवले, की नदी अडवायची तर स्थानिक कोम्यूनला दरवर्षी शुल्क द्यायचे आणि तयार होणाऱ्या विजेचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग उत्पादनखर्चाच्या भावाने तिला द्यायचा. कोम्यूनने ती वीज वापरावी किंवा बाजारभावाने विकावी. त्याच्या जोडीला यंत्रघर, धरण, बोगदे यांच्यावर मालमत्ता कर आणि वीजनिर्मितीवर नैसर्गिक साधनसंपत्तीचा कर. हा शेवटचा कर सात वर्षांच्या सरासरी निर्मितीवर आकारतात, त्यामुळे एखादे वर्ष कोरडे गेले तरी शाळेचे अंदाजपत्रक कोलमडत नाही.

ही तजवीज मला या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वीज ऑस्लोला गेली आणि जावी. शहराला तिची गरज होती. पण ज्या डोंगरातून ती निघाली तिथल्या लोकांचा त्यावरचा हक्क मेहेरबानी म्हणून किंवा एकरकमी भरपाई म्हणून मोजला गेला नाही. पाणी वाहील तोवर वाटा येत राहील, असे कायद्याने लिहून ठेवले. धरणाखाली गेलेल्या मुलखांचा जगभरचा अनुभव पाहिला, तर एवढ्या साध्या गोष्टीसाठी किती पिढ्यांनी टाचा घासल्या आहेत हे आठवते. प्रकल्पाच्या बांधकामासाठी पठारावरून पलीकडच्या होलकडे रस्ता झाला, तो पुढे लोकांसाठी खुला राहिला. वासबिग्दीसारख्या खोऱ्याच्या टोकाच्या गावात नोकऱ्या आल्या. कोम्यूनने शाळा आणि वृद्धनिवास चांगले ठेवले.

रेल्वेची कथा याच्या उलट्या टोकाची आहे. ऑस्लो-बर्गन लोहमार्ग १९०९ मध्ये पठारावरून गेला आणि फियॉर्डपर्यंत उतरणारा फाटा गावांना हवा होता. म्यूरदाल ८६६ मीटरवर, फ्लोम पाण्याच्या काठी आणि मधे वीस किलोमीटर. १९२०च्या दशकात काम सुरू झाले ते १९४० पर्यंत चालले. वीस बोगद्यांपैकी अठरा हातांनी खोदलेले. बराचसा मार्ग अठरास एक अशा चढाचा आहे आणि डोंगराच्या आतच वळसा घेत गाडी उंची गाठते. हा सगळा खटाटोप सोग्नच्या मालासाठी आणि प्रवाशांसाठी होता, पर्यटक त्यात दुय्यम होते. रस्ते झाले, माल रस्त्याने जाऊ लागला, आणि १९९०च्या दशकात फाटा तोट्यात जाऊन बंद पडायच्या बेताला आला. १९९८ मध्ये स्थानिक सहभाग असलेल्या कंपनीने राज्य रेल्वेशी करार करून व्यवसाय हाती घेतला आणि तोच मार्ग पाहुण्यांसाठी नव्याने मांडला. आज ती नॉर्वेतली सर्वांत ख्यातनाम पर्यटन-रेल्वे आहे. बर्गन मार्ग बांधणाऱ्या मजुरांची सामानवाहतुकीची वाटही १९७०च्या दशकापासून सायकलवाल्यांची झाली. या यशाचे श्रेय स्थानिकांच्या हिमतीला नक्की द्यावे, पण एक फरक लक्षात ठेवावा : रेल्वेचे उत्पन्न लोकांच्या हौसेवर चालते, विजेचे कायद्यावर.

महामार्गाने औरलानला देशाच्या मध्यावर आणून ठेवले आणि तितकेच मोठे ओझेही दिले. ऑस्लो-बर्गन रस्ता बारमाही आणि नौकेविना हवा, असे ठरल्यावर १९९१ मध्ये गुदवांगेनचा ११.४ किलोमीटरचा बोगदा झाला आणि २७ नोव्हेंबर २००० ला राजे हाराल्ड यांनी औरलान-लॅरदाल बोगद्याचे उद्घाटन केले. २४.५ किलोमीटरचा हा बोगदा मोटारींसाठी आजही जगातला सर्वांत लांब. आत चालकाला ग्लानी येऊ नये म्हणून तीन ठिकाणी प्रशस्त गुहा कोरून निळ्या-पिवळ्या दिव्यांनी उजळल्या आहेत. पूर्वी लॅरदालला जायचे तर उन्हाळ्यात वरचा हिमरस्ता, एरवी नौका. आता वीस मिनिटे. त्या हिमरस्त्यावरच २००६ मध्ये स्टेगास्टाइनचा सज्जा झाला. टॉड सॉन्डर्स आणि टॉमी विल्हेल्मसेन या वास्तुकारांनी लाकूड आणि पोलादाची ती जिभळी साडेसहाशे मीटर उंचीवर तीस मीटर पुढे काढली.

पण या बोगद्यांत आग लागली तर विझवायला कोण जाते? औरलान कोम्यूनचे पथक. एरवी आपापल्या नोकरीधंद्यात असणारी, घंटा वाजली की धावणारी माणसे. ऑगस्ट २०१३ मध्ये गुदवांगेन बोगद्यात मालमोटार पेटली. पथक औरलानच्या बाजूने येणार, म्हणून पंखे धूर दुसऱ्या टोकाला ढकलणार, असे आधीच ठरलेले होते. त्याप्रमाणे धूर बोगद्याच्या मोठ्या भागात पसरला आणि ६७ माणसे त्यात अडकली. कुणी दगावले नाही, हे नशीब आणि काही जणांची हिंमत. दोन वर्षांनी त्याच बोगद्यात बस पेटली. राष्ट्रीय महामार्गावरची राष्ट्रीय वाहतूक, आणि तिच्या संकटाला सामोरे जायचे अठराशे वस्तीच्या पथकाने! ‘सर्वांना सारखी कर्तव्ये’ हे तत्त्व मला तत्त्व म्हणून पटते, पण इथे ते मोडकळीला येते. राज्याने बांधलेल्या धोक्याची राखण राज्याच्याच खर्चाने आणि माणसांनी व्हायला हवी. यात कोम्यून मोठी करून प्रश्न सुटत नाही. चार लहान पथके एका नावाखाली आणली म्हणून ती बोगद्याच्या तोंडाशी लवकर पोचत नाहीत.

उन्द्रेदालला १९८८ पर्यंत मोटाररस्ता नव्हता. शंभराच्या आतबाहेरची वस्ती, शेळ्या मात्र कैक पटींनी जास्त. उन्हाळ्यात कळप डोंगरावरच्या कुरणांत असतात. दुधाचे आधी पांढरे चीज करतात आणि मागे राहिलेले पाणी मोठ्या कढईत आठ-दहा तास आटवतात. त्यातली साखर करपत करपत तांबूस होते आणि खव्यासारखा घट्ट गोळा बनतो, तेच तपकिरी शेळीचीज. दूध न तापवता चीज करण्याचा हक्क राखायला इथल्या लोकांना अन्नसुरक्षेच्या नियमांशी बराच काळ झगडावे लागले. ते झगडले आणि चीज राहिले. औरलान्सवांगेनच्या कृषिविद्यालयात १९९०च्या सुमारापासून सेंद्रिय शेती शिकवतात. तिथून शिकलेली काही मुले या भागात स्थिरावली.

शेळ्यांचे महत्त्व चीजपुरते नाही. २००५ मध्ये गाइरांगेरफियॉर्डसह नॅरॉयफियॉर्ड युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. बोटीतून दिसणारा मोकळा हिरवा उतार लोकांना निसर्ग वाटतो. तो निसर्ग नसून मेहनत आहे. चराई थांबली की काही वर्षांत बर्च आणि एल्डरची झुडपे उतार व्यापतात, कुरण जाते, कुरणातली फुले जातात. दिर्दाल, स्टीवी, बाक्का या फियॉर्डकाठच्या वस्त्यांत बारमाही राहणारी घरे एका हाताच्या बोटांवर आली आहेत. जागतिक वारशाच्या पाटीने तिथे बोटी वाढल्या, शेतकरी वाढले नाहीत. वारसा जपण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे शेळ्या राखणाऱ्या कुटुंबाला तिथे नीट जगता येणे, असे मला पुन्हा पुन्हा वाटते.

पठारावर आणखी एक आघात झाला, तोही अचानक. मार्च २०१६ मध्ये नूरफ्येला भागात, लॅरदालच्या हद्दीत, मानेला मागपट्टा बांधण्याच्या मोहिमेत एक रानटी रेनडियर मादी मेली. तपासणीत तिला मेंदू पोखरणारा, अंग झिजवणारा सांसर्गिक रोग निघाला. उत्तर अमेरिकेत हरणांमध्ये माहीत असलेला हा रोग युरोपात प्रथमच आढळला. रोगकारक प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून सरकारने या पट्ट्यातला दोन हजारांच्या आसपासचा संपूर्ण कळप मारण्याचा निर्णय घेतला आणि २०१८च्या वसंतापर्यंत तो अमलात आला. औरलानचे शिकारी शरद ऋतूत ज्या कळपामागे पिढ्यान्‌पिढ्या जात, तोच त्यांच्या डोंगरावरून संपला. मेंढ्यांसाठी ठेवलेल्या मिठाच्या लाद्यांपाशी प्राणी एकत्र येतात, म्हणून त्यांवरही बंधने आली. निर्णय कठोर होता आणि मला तो योग्य वाटतो, कारण हार्डांगरविड्डा या शेजारच्या पठारावर देशातले सर्वांत मोठे रानटी कळप आहेत. पण शिकार ही इथे खाण्याची, शेजाऱ्यांबरोबर डोंगरावर राहण्याची, पोरांना वाटा दाखवण्याची रीत आहे, आणि ती नुकसानभरपाईत मांडता येत नाही.

पर्यटनाचा प्रश्न आज सर्वांत तापलेला आहे. फ्लोमच्या धक्क्याला एकेक क्रूझ-जहाज काही हजार माणसे घेऊन लागते. गावाची स्वतःची वस्ती काही शेच. अरुंद घळीत हवा साचते आणि उन्हाळ्याच्या सकाळी धुराचा निळसर थर पाण्यावर तरंगतो. २०१८ मध्ये संसदेने ठराव केला, की वारसा-फियॉर्डांत २०२६ पर्यंत जहाजे उत्सर्जनमुक्त असावीत. मुदत जवळ आली तसा तो सैल झाला. दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना नियम २०२६ पासून, त्याहून मोठ्यांना २०३२ पासून. सर्वांत जास्त धूर ज्यांचा, त्यांनाच सहा वर्षांची सवड! ही तडजोड मला खटकते, कारण लहान बोटींनी आपले काम आधीच करून दाखवले आहे. २०१६ मध्ये संकरित इंजिनाची ‘व्हिजन ऑफ द फियॉर्ड्स’ आणि २०१८ मध्ये पूर्ण विजेवरची चारशे प्रवाशांची ‘फ्यूचर ऑफ द फियॉर्ड्स’ या मार्गावर आली. गुदवांगेनची वीजवाहिनी एवढी बोट झटक्यात चार्ज करण्याइतकी ताकदीची नव्हती. म्हणून धक्काच तरंगता बांधला, त्याच्या पोटात बॅटऱ्या ठेवल्या, त्या दिवसभर सावकाश भरायच्या आणि बोट आली की वीसेक मिनिटांत तिच्यात रिकाम्या करायच्या. देशाला एवढी वीज देणाऱ्या कोम्यूनमध्ये अशी युक्ती करावी लागली. वीज बाहेर नेणाऱ्या तारा भक्कम आणि गावात आणणाऱ्या बारीक, हेही या प्रदेशाचे एक वास्तव आहे.

निसर्ग स्वतःचे म्हणणे वेगळे मांडत असतो. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस मुसळधार पावसाने फ्लोमची नदी फुगली आणि घरे, पूल, रस्ते वाहून गेले. औरलान्सवांगेन आणि फ्लोम यांच्यामधला स्टाम्पा हा डोंगरउतार तर हळूहळू सरकतोच आहे. मोठा भाग सुटून फियॉर्डात पडला तर उठणारी लाट दोन्ही गावांच्या सखल भागात शिरेल, म्हणून जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालय त्यावर यंत्रांनी पाळत ठेवते. डोंगरातले पाणी बोगद्याने काढून उतार स्थिर करावा आणि त्याच पाण्यावर वीज करावी, असाही विचार झाला आहे. शाळा, पाळणाघर, नवे घर कुठे बांधता येईल, हे या नकाशांवरून ठरते. सपाट जमीन मुळात थोडी. त्यातून पुराची, दरडीची, लाटेची जागा वजा केली की उरते फारच कमी.

आणि त्या उरलेल्या जमिनीवरच आज खरी ओढाताण आहे. मोसमात हॉटेलांना, बोटींना, रेल्वेला माणसे लागतात. ती पोलंड, लिथुएनिया, स्पेन, स्वीडनहून येतात. त्यातली काही राहतात, त्यांची मुले गावच्या शाळेत जातात. नॉर्वेच्या कायद्याने तीन वर्षे वास्तव्य झालेल्या परदेशी नागरिकालाही कोम्यूनच्या निवडणुकीत मत देता येते, म्हणजे ही माणसे गावच्या निर्णयांत भागीदार होऊ शकतात. पण राहायला घर मिळाले तरच. रिकामे घर पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देण्यात जास्त पैसे असतील, तर शिक्षिकेला किंवा परिचारिकेला ते मिळणार नाही. शेतजमिनीच्या बाबतीत कायद्याने मालकावर राहण्याचे बंधन घातले आहे, वारसाने शेत घेतले तर पाच वर्षे तिथे राहावे लागते. हाच विचार गावातल्या घरांनाही लागू करण्याची मुभा कोम्यूनना आहे. ती वापरायला धाडस लागते, कारण घरे विकणारे आणि भाड्याने देणारे शेजारीच असतात.

२०२५ मध्ये संसदेने पर्यटनाचा ताण असलेल्या कोम्यूनना मुक्कामाच्या भाड्यावर तीन टक्क्यांपर्यंत पाहुणाकर लावू देणारा कायदा केला. पैसा शौचालये, वाटा, वाहनतळ अशा पर्यटनाच्या सोयींवरच खर्च करायचा आहे. औरलानच्या दृष्टीने ही सुरुवात आहे, आणि अपुरी आहे. तिथून जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण रात्र काढतच नाहीत. आणि १९१७ च्या कायद्याने विजेबद्दल जे केले, की उत्पन्नाचा ठरलेला भाग गावाच्या सर्वसाधारण कारभारात येईल आणि तो शाळेवर खर्चावा की आगीच्या बंबावर हे गाव ठरवील, तेवढे यात नाही. फियॉर्डाचे देखणेपण हीही इथल्या डोंगर-पाण्याचीच मिळकत आहे. ती वापरणाऱ्या जहाजकंपन्यांकडून आणि सहलींच्या व्यवसायाकडून त्याच धर्तीचा, बारमाही वाटा मागण्याचा हक्क औरलानला आहे. पुढच्या काही वर्षांत कोम्यूनच्या सभागृहात, आणि ऑस्लोच्या संसदेत, हीच मागणी लावून धरावी लागेल. मोठ्या जहाजांची २०३२ ची मुदत त्याआधी आणखी पुढे ढकलली जाणार नाही, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.